विकायला काढलेलं घर भाड्याने द्यावं लागलं तर: पहिल्या हिशेबापासून शेवटच्या किल्लीपर्यंत

घर विकायला काढून सहा महिने झाले. सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन जण बघून जायचे. आता महिन्यातून एखादा येतो आणि कर्जाच्या शिल्लक रकमेहूनही कमी भाव सांगून जातो. तिकडे दुसऱ्या गावी नवी नोकरी सुरू झालेली असते, किंवा वारसाहक्काने आलेलं घर कुलूप लावून पडलेलं असतं. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातोच. मग घरात कुणीतरी म्हणतं, "तूर्त भाड्याने देऊन टाकू."

या 'तूर्त'मुळेच बहुतेक जण अडचणीत येतात. तूर्त म्हणून बँकेला कळवायचं राहून जातं, विमा जुनाच चालू राहतो, करार एका पानात उरकला जातो आणि ओळखीतल्या कुणाला तरी तोंडी बोलीवर किल्ली दिली जाते. जो राहायला येतो त्याच्यासाठी मात्र हे तूर्त नसतं. त्याची मुलं त्या घरातून शाळेत जाणार असतात. म्हणून द्यायचंच असेल तर आकडा आणि तारीख कागदावर लिहून, नीट ठरवून द्यावं. नियम देशागणिक, काही ठिकाणी तर शहरागणिक वेगळे असतात. खाली मधूनमधून काही देशांचे नियम दिले आहेत, ते आपल्या ठिकाणी नेमकं काय विचारायचं हे लक्षात यावं म्हणून.

'तूर्त' म्हणजे किती वर्षं?

भाव पडल्यावर सगळे म्हणतात, वर्ष-दोन वर्षांत येईल वर. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. अमेरिकेत घरांच्या किमतींनी २००६ मध्ये शिखर गाठलं, २०१२ मध्ये तळ गाठला, आणि देशपातळीवरचा निर्देशांक जुन्या शिखराला पुन्हा पोचला तो २०१६ मध्ये. आयर्लंडमध्ये २००७ च्या शिखरावरून भाव निम्म्याहून खाली आले आणि ती पातळी पुन्हा दिसायला २०२२ उजाडलं. एका ठिकाणी दहा वर्षं, दुसऱ्या ठिकाणी पंधरा, आणि यात महागाई धरलेलीच नाही.

टक्केवारीचा हिशेबही फसवा असतो. भाव २० टक्के पडला असेल तर मूळ जागी यायला तो २५ टक्के वाढावा लागतो. ३० टक्के पडला असेल तर सुमारे ४३ टक्के, आणि निम्मा झाला असेल तर दुप्पट व्हावा लागतो. 'घेतलेल्या भावाला विकीन' हे ध्येय म्हणूनच चुकीचं आहे. विचारायचा प्रश्न एवढाच: हे घर आणखी तीन वर्षं सांभाळायला मला निव्वळ किती खर्च येईल, आणि तेवढ्या काळात भाव त्याहून जास्त वाढेल असं मानायला काही ठोस कारण आहे का?

हिशेब मांडा, पण पूर्ण मांडा

दरमहा हप्ता १०० धरू आणि मिळणारं भाडं ८०. बहुतेक जण इथेच थांबतात: महिन्याला २० खिशातून घालायचे, जमेल. आता वर्षाचा हिशेब करा.

भाडं ८० गुणिले १२ म्हणजे ९६०. वर्षातून एक महिना घर रिकामं राहणार असं धरा, राहिले ८८०. दुरुस्तीसाठी वर्षाच्या पूर्ण भाड्याच्या १० टक्के, म्हणजे ९६, बाजूला काढा. राहिले ७८४. विमा, मालमत्ता कर आणि इमारतीची देखभाल वर्गणी मिळून समजा १००. राहिले ६८४. एजंटाकडे व्यवस्था दिली आणि तो जमा भाड्याच्या १० टक्के घेत असेल, तर ८८ गेले. हातात उरले ५९६, आणि बँकेला द्यायचे १२००. म्हणजे वर्षाला ६०४ ची तूट. महिन्याला २० वाटत होते ते प्रत्यक्षात ५० झाले.

ही सगळी तूट नुकसान नाही. हप्त्यातले ३० मुद्दलात जात असतील तर वर्षाला ३६० तुमचं कर्ज कमी होतं. खरा खर्च उरतो २४४. निर्णय घेताना दोन्ही आकडे समोर ठेवा. तीन वर्षं थांबण्याची किंमत २४४ च्या तिपटीने मोजा, पण महिन्याला ५० खिशातून काढण्याची ताकद आहे का हेही तपासा. पहिला आकडा परवडतो आणि दुसरा परवडत नाही अशा अवस्थेत ठेवलेलं घर शेवटी बँकेकडे जातं.

शेजारी दुसरा कागद घ्या: आज विकलं तर काय होईल? मिळेल त्या भावातून दलाली, कायदेशीर खर्च आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याचा दंड असेल तर तो वजा करा, मग शिल्लक कर्जाशी तुलना करा. खड्डा किती पडतो ते दिसेल. तो एकदाच भरता येण्यासारखा असेल आणि तीन वर्षांच्या खर्चापेक्षा लहान असेल, तर विकून मोकळं होणं शहाणपणाचं. कमी भावात विकणं म्हणजे हार, या भावनेपायी पाच वर्षं तूट सोसणारे बरेच आहेत.

कराचाही विचार याच टप्प्यावर करा. बहुतेक देशांत भाड्यातून खर्च वजा करून कर लागतो, पण मुद्दल हा खर्च धरला जात नाही. त्यामुळे खिशातून पैसे जात असतानाही कागदावर नफा दिसून कर भरावा लागू शकतो. व्याजाचे नियमही वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये वैयक्तिक घरमालकांना २०२० पासून निवासी घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातून थेट वजा करता येत नाही, फक्त मूळ दराने करसवलत मिळते. भारतात घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला ते विचारलं जात नाही.

विक्रीच्या वेळच्या कराकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. स्वतः राहत असलेलं घर विकल्यावर मिळणारी सवलत घर सोडल्यानंतर कायम टिकत नाही. अमेरिकेत विक्रीआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तुम्ही तिथे राहिलेले असावे लागता, म्हणजे घर सोडल्यापासून साधारण तीन वर्षांत विकावं लागतं. ब्रिटनमध्ये घर सोडल्यानंतरच्या काळापैकी मालकीचे शेवटचे नऊ महिनेच राहण्याचे धरले जातात. तुमच्याकडे अशी मुदत असेल तर ती कॅलेंडरवर आजच लिहा. 'तूर्त'ची शेवटची तारीख अनेकदा हीच निघते.

किल्ली देण्याआधी कुणाकुणाला विचारायचं

सगळ्यात आधी कर्ज देणारी बँक. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या करारात बहुधा अट असते की लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने देता येणार नाही. बँक ठरावीक मुदतीसाठी परवानगी देते, कधी शुल्क घेते, कधी व्याजदर थोडा वाढवते. ती वाढ वरच्या हिशेबात धरा. गुपचूप दिलं आणि पुढे उघडकीला आलं, तर तो करारभंग ठरतो आणि बँक पूर्ण कर्ज एकदम मागू शकते. पत्रव्यवहाराचा पत्ता बदलल्याची नोंद किंवा विम्याचा दावा, एवढ्यावरूनही ते कळतं.

मग विमा. मालक स्वतः राहतो असं गृहीत धरून दिलेली पॉलिसी भाडेकरू आल्यावर निरुपयोगी ठरू शकते. घरमालकांसाठीची वेगळी पॉलिसी घ्या. तिच्यात तीन गोष्टी शोधा: इमारतीचं नुकसान, भाडेकरूला किंवा पाहुण्याला इजा झाल्यास तुमची जबाबदारी, आणि आगीसारख्या कारणाने घर राहण्याजोगं न उरल्यास बुडणारं भाडं. भाडेकरूच्या सामानाचा विमा तुमच्या पॉलिसीत येत नाही, हे त्याला लेखी सांगा. घर रिकामं असतानाचं कलमही वाचा. सलग ३० किंवा ६० दिवसांहून जास्त घर बंद राहिलं तर पाणीगळती, चोरी यांचं संरक्षण कमी होतं किंवा संपतं, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. विकायला काढलेली घरं नेमकी याच काळात बंद असतात.

इमारतीची सोसायटी किंवा रहिवासी संघ असेल तर त्यांचे नियम मागवा. काही ठिकाणी भाड्याच्या घरांच्या संख्येवर मर्यादा असते, काही ठिकाणी नोंदणी लागते. स्थानिक प्रशासनाचा परवाना, करार नोंदणी, भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं यांपैकी जे तुमच्याकडे लागू असेल ते आत्ताच विचारून घ्या. आणि तुम्ही स्वतः परदेशात जाणार असाल तर भाड्यातून कर कापण्याची जबाबदारी कुणावर येते हेही. हा मुद्दा वेळेत न विचारल्यास नोटीस भाडेकरूच्या हातात पडते.

घराची तयारी

स्वतः राहत असताना आपण घराच्या खोडी अंगवळणी पाडून घेतो. गीझर लावला की मिक्सर लावायचा नाही, तो नळ जरा उलटा फिरवायचा, त्या बटणाला हात लावायचा नाही. नव्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून रंगाआधी सुरक्षितता.

वीज: वायरमनकडून अर्थिंग, जुन्या तारा आणि मुख्य बोर्ड तपासून लेखी अहवाल घ्या. गळतीच्या प्रवाहावर तुटणारा स्विच ३० मिलिअॅम्पिअरचा असावा, आणि त्यावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. गॅस: जोडणी, रबरी नळी आणि रेग्युलेटर तज्ज्ञाकडून तपासा. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात असेल आणि त्याचा धूर थेट बाहेर जात नसेल, तर तो काढूनच टाका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो. यात काटकसर करूच नका. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आणि गॅसचं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

पाणी तपासायला प्लंबर लागत नाही. सगळे नळ बंद करून मीटरवरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत लिहून घ्या आणि एक तास कुणालाही पाणी वापरू देऊ नका. आकडा पुढे सरकला तर कुठेतरी गळतंय. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यातलं पाणी रंगलं तर टाकीच्या तळाचं रबर गेलेलं आहे. ते स्वस्तात बदलतं, आणि न बदलल्यास पाण्याच्या बिलावरून भाडेकरूशी वर्षभर वाद चालतो.

ओलीचं निदान मात्र घाईत करू नका. भिंतीवर डाग दिसला की त्यावर रंग मारून टाकण्याचा मोह होतो, आणि दोन महिन्यांत तोच डाग बुरशीसकट परत येतो. डाग पडलेल्या जागी जाड प्लास्टिकचा साधारण हातभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. मग पट्टी काढून बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय: पाइप, गच्ची, बाहेरचा गिलावा, शेजारचं न्हाणीघर शोधा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर काढणारा पंखा हवा. पहिला दोष मालकाने काढायचा. दुसऱ्यात पंखा मालकाचा आणि तो लावण्याची सवय भाडेकरूची. हे निदान आधीच झालेलं असेल तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

मग रंग. घरभर एकच फिकट, धुता येणारी छटा, दोन हात. छटेचा क्रमांक लिहून ठेवा आणि लिटरभर रंग राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एकाच भिंतीवर भागेल. दाराच्या कुलपाचा गाभा बदला, कारण विक्रीच्या काळात तुमच्या किल्ल्या किती हातांतून गेल्या ते कुणालाच सांगता येणार नाही. स्वयंपाकघर नवं करावं का, असं वाटलं तर अपेक्षित भाडेवाढीने खर्चाला भागून बघा. दोन वर्षांत वसूल होत नसेल तर करू नका.

तुमचं खासगी सामान पूर्ण काढा. एक खोली बंद करून त्यात आपल्या वस्तू ठेवणं सोयीचं वाटतं, पण त्या खोलीत गळती झाली तर कुणाला कळत नाही आणि 'कपाटातलं काहीतरी घ्यायला' तुमच्या फेऱ्या सुरू होतात. आईच्या हातचं तुळशीवृंदावन, लग्नातलं लाकडी कपाट, मुलाच्या उंचीच्या खुणा असलेली दाराची चौकट: ज्याला ओरखडा गेला तर झोप उडेल असं काहीही तिथे ठेवू नका. चौकट काढता येत नसेल तर फोटो काढून ठेवा आणि मनाने सोडून द्या.

भाडं किती सांगायचं

तुमच्या हप्त्याशी भाड्याचा काहीही संबंध नाही. तुम्ही घर महागाईच्या शिखरावर घेतलं की वारशात मिळवलं, याच्याशी भाडेकरूला देणंघेणं नाही. त्याच परिसरातली, तेवढ्याच खोल्यांची आठ-दहा घरं काढा. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, ठरलेला नव्हे. म्हणून किती दिवस जाहिरात चालू आहे तेही बघा. महिनाभर पडून असलेल्या घराचं भाडं जास्त आहे असं समजा. मंदीत एक गोष्ट आणखी होते: तुमच्यासारखेच अनेक जण न विकलेली घरं भाड्याने काढतात, त्यामुळे एकाच इमारतीत चार घरं उपलब्ध असतात आणि भाडंही दबतं.

१०० ला घर लगेच जात असेल आणि तुम्ही १०५ साठी एक महिना थांबलात, तर पहिल्या वर्षी ११ महिन्यांचे ११५५ मिळतील. लगेच दिलं असतं तर १२०० मिळाले असते. एक महिन्याचं रिकामपण भरून काढायला भाडं नऊ टक्क्यांहून जास्त चढं मिळावं लागतं. पंधरा दिवसांत नीट चौकशा आल्या नाहीत तर पाच टक्के उतरा. फोटो बदलून पुन्हा वाट बघत बसू नका.

भाडेकरू निवडणं

निकष आधी लिहा आणि सगळ्यांना तेच लावा. भाडेकरूच्या कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा भाडं जास्त नसावं. ओळखपत्र मूळ बघा. पगाराच्या तीन पावत्या किंवा व्यवसाय असेल तर करविवरणपत्र मागा, आणि बँकेच्या उताऱ्यात त्याच रकमा येताना दिसतात का ते जुळवा. धर्म, जात, वंश, मुलं असणं, एकटी बाई असणं अशा कारणांवरून नकार देणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे. अमेरिकेत वंश आणि धर्म यांबाबत १९६८ पासून तसा संघीय कायदा आहे. शिवाय यातल्या कशावरूनही भाडं वेळेवर येईल की नाही ते कळत नाही.

जुन्या घरमालकाला फोन करा, पण सध्याच्या एकट्यावर विसंबू नका. नको असलेला भाडेकरू जावा म्हणून तो भरभरून कौतुक करू शकतो. त्याच्या आधीच्याला विचारा, आणि प्रश्न नेमके विचारा: भाडं किती वेळा उशिरा आलं? डिपॉझिटमधून काही कापलं का? परत घर द्याल का? शेवटच्या प्रश्नानंतर जी क्षणभर शांतता येते ती ऐका.

वर्षभराचं भाडं रोख एकदम देतो, घर बघायचीही गरज नाही, उद्याच येतो: असं कुणी म्हटलं तर चौकशी दुप्पट करा. नातेवाईक किंवा मित्राला देणार असाल तरी कागद तोच, भाड्याची तारीखही तीच. ओळखीत तोंडी बोलीवर दिलेल्या घरांतून नातीही जातात आणि भाडंही.

करार, आणि त्यातलं विक्रीचं कलम

राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं नाव करारात हवं. मुदत, भाड्याची तारीख, डिपॉझिट, वीज-पाणी कुणी भरायचं, कोणती दुरुस्ती कुणाची, पोटभाडेकरू ठेवता येईल का, नोटीस किती दिवसांची, घर बघायला येण्याआधी मालकाने किती वेळ आधी कळवायचं (किमान २४ तास धरा), हे सगळं लिहा. छापील नमुना वापरायला हरकत नाही, पण तो तुमच्याच भागातला आणि चालू कायद्याचा असावा.

नेहमीच्या घरमालकाला ज्याची फारशी गरज नसते ते विक्रीचं कलम तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मधेच गिऱ्हाईक मिळालं तर करार संपवता येईल का, कधीपासून आणि किती नोटिशीने? ग्राहकांना घर दाखवायला आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वेळेत? भाडेकरूला त्या त्रासाबद्दल भाड्यात सूट मिळेल का? हे आधीच उघड बोला. दोन वर्षं राहायचं म्हणून आलेल्या कुटुंबाला सहाव्या महिन्यात 'घर विकतोय' असं कळणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. विकण्याचा विचार आहे हे माहीत असूनही येणारा माणूस पुढे सहकार्य करतो.

पण कलम लिहिलं म्हणजे ते चालतंच असं नाही. विक्री हे घर रिकामं करून मागण्याचं वैध कारण आहे का, हे आपल्या कायद्यात बघा. जर्मनीत घर विकलं तरी भाडेकरार मोडत नाही, नवा मालक जुन्याच्या जागी येतो. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने विनाकारण नोटीस देऊन घर खाली करून घेण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. असं संरक्षण जिथे आहे तिथे 'भाव आला की लगेच विकू' ही योजना मुळातून बदलावी लागते.

डिपॉझिटच्या मर्यादाही तशाच वेगवेगळ्या. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेता येतं, इंग्लंडमध्ये साधारण घरांसाठी पाच आठवड्यांचं आणि तेही ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. मर्यादा काहीही असो, ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. हप्त्याला वापरलेलं डिपॉझिट परत देताना बहुतेकांची पंचाईत होते.

ताबा देतानाचा दिवस

दोन तास राखून ठेवा. प्रत्येक खोलीचा फोटो दारातून, मग चारही भिंतींचा, छताचा, जमिनीचा. ओव्हनचं आतलं अंग, फ्रिजचं रबर, सिंकखालचं कपाट, गादीची दोन्ही अंगं: वाद इथेच होतात. आधीपासूनचे ओरखडे जवळून टिपा. वीज, पाणी, गॅस मीटरचे आकडे दोघांनी मिळून वाचा. किल्ल्या मोजून लिहा. यादीच्या दोन प्रतींवर सह्या घ्या आणि भाडेकरूला राहून गेलेलं नोंदवायला सात दिवस द्या. मुख्य पाण्याचा कॉक, गॅसचा कॉक आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे ते त्याला हाताने बंद-चालू करायला लावून दाखवा.

हीच यादी घर सोडताना कामाला येते. वापराने झालेली झीज मालकाची, नासधूस भाडेकरूची. आणि नासधूस असली तरी पूर्ण नव्या वस्तूचे पैसे मागता येत नाहीत. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं आणि तीन वर्षांनी भिंत खराब करून दिली, तर त्या भिंतीच्या खर्चाचे दोन पंचमांशच कापणं रास्त आहे.

रोजचा कारभार

भाड्याचं खातं वेगळं ठेवा. त्यात किमान तीन हप्त्यांएवढी गंगाजळी हवी, आणि ती पहिल्या भाडेकरूआधीच हवी. प्रत्येक पावती जपा, दुरुस्ती आणि सुधारणा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण कराच्या दृष्टीने तुटलेला नळ बदलणं आणि नवं न्हाणीघर बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

तक्रारींना वेळ ठरवून द्या. गॅसचा वास, वीज नाही, पाणी नाही, दार बंद होत नाही: २४ तासांच्या आत माणूस दारात हवा. गीझर, फ्रिज, वाहती गळती: दोन-तीन दिवस. सैल बिजागरी, चिकटणारी खिडकी: महिनाभर. तुम्ही दुसऱ्या गावी असाल तर प्लंबर, वायरमन आणि कुलूपवाला यांचे क्रमांक भाडेकरूकडे द्या आणि एका ठरावीक रकमेपर्यंत त्याने न विचारता काम करून घ्यावं, भाड्यातून वळतं करावं, असं लिहून द्या. रात्री अकरा वाजता फुटलेला पाइप तुमच्या परवानगीची वाट बघत नाही. एजंट नेमलात तर विचारा: रिकाम्या महिन्याचं शुल्क घेता का, दुरुस्तीवर वर काही लावता का, करार वाढवताना वेगळी फी आहे का, वर्षातून किती वेळा घर बघून फोटो पाठवता?

घर बघायला पहिल्यांदा सहा ते आठ आठवड्यांनी जा, मग सहा महिन्यांतून एकदा, कळवूनच. नजर ओल, गळती, अलार्म यांवर ठेवा. पडदे कसे लावलेत, भांडी कुठे ठेवलीत, यावर बोलण्याचा अधिकार आता तुमचा नाही.

भाडं चुकलं तर तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने लेखी स्मरणपत्र, पंधरा दिवसांनी समोरासमोर बसून थकबाकीचे हप्ते ठरवून सही. महिना उलटला की कायद्यात सांगितलेली नोटीस, ठरलेल्या नमुन्यात. दया वाटून तीन महिने गप्प बसलात तर थकबाकी एवढी होते की तो माणूस ती फेडूच शकत नाही, आणि मग दोघांचंही नुकसान होतं. काहीही झालं तरी वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काही करू नका. जवळजवळ सगळीकडे ते बेकायदा आहे, आणि थकबाकीदार भाडेकरूपुढे न्यायालयात तुम्हीच आरोपी होता.

तुमचाच हप्ता थकला तर

याबद्दल फार कमी बोललं जातं. भाडेकरू दर महिन्याला वेळेवर भाडं देतोय, पण मालकाची नोकरी गेली, भाडं घरखर्चात गेलं आणि बँकेचा हप्ता थकला. २००८ नंतरच्या मंदीत अमेरिकेत अशा असंख्य भाडेकरूंना घर जप्त होतंय हे दारावरच्या नोटिशीवरूनच कळलं. म्हणून २००९ मध्ये तिथे जप्तीच्या घरातल्या भाडेकरूंना किमान ९० दिवसांची मुदत देणारा कायदा झाला. तो २०१४ अखेर संपला आणि २०१८ मध्ये कायमचा लागू झाला. सगळीकडे असं कवच नाही.

हप्ता चुकण्याची चिन्हं दिसताच, चुकण्याआधी, बँकेशी बोला. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत विक्री करणं, हे पर्याय थकबाकी होण्याआधी जास्त सहज मिळतात. भाड्याची रक्कम त्या वेगळ्या खात्यातून थेट कर्जाला जाईल अशी कायमची सूचना देऊन ठेवा. आणि घर जाणारच असं दिसलं तर भाडेकरूला लगेच सांगा, डिपॉझिट परत करा. त्याने आपला वाटा चोख दिलेला आहे.

विकायची वेळ

वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सुरुवातीचे दोन कागद पुन्हा काढा: सांभाळण्याचा खर्च आणि आज विकल्यास पडणारा खड्डा. पुढच्यांपैकी काहीही झालं तर घर बाजारात काढा: विक्रीतून कर्ज आणि खर्च भागायला लागले, करसवलतीची मुदत संपायला वर्ष उरलं, गंगाजळी एका हप्त्याच्या खाली गेली, किंवा छत, लिफ्ट, मुख्य पाइप असा मोठा खर्च समोर दिसायला लागला.

भाडेकरूसह विकायचं की रिकामं करून? भाडेकरूसह विकलं तर भाडं शेवटच्या दिवसापर्यंत येतं, पण घेणारा बहुधा गुंतवणूकदारच असतो आणि तो भाव भाड्यावरून काढतो. रिकामं असेल तर स्वतः राहणारे ग्राहकही येतात, पण विक्री होईपर्यंतचे सगळे हप्ते तुमचे. सगळ्यात आधी भाडेकरूलाच विचारा. घर त्याला माहीत आहे, मुलांच्या शाळा जवळ आहेत, आणि त्या व्यवहारात दलाली व रिकामे महिने दोन्ही वाचतात. त्याला नको असेल तर नोटिशीची मुदत कायद्याहून थोडी जास्त द्या आणि घर दाखवायच्या काळात भाड्यात सूट द्या. आवरलेल्या घरात, दार उघडून देणाऱ्या भाडेकरूच्या उपस्थितीत ग्राहक घर नीट बघतो. विक्री ठरली की मीटरचे आकडे पुन्हा दोघांनी वाचा, ताब्याच्या दिवशीची यादी समोर ठेवून खोल्या फिरा, किल्ल्या मोजून घ्या आणि डिपॉझिट त्याच आठवड्यात परत करा, कापलेल्या प्रत्येक रकमेच्या पावतीसह.